नाण्यावरचा तिसरा खांब

माझा धाकटा भाऊ डोलेस आमच्या थ्रेसमधल्या गावात नाण्यांचे ठसे कोरायचा. हे ऐकलं की परगावचे लोक म्हणायचे, "वा, कलावंत माणूस!" म्हणायला त्यांचं काय जातंय. त्यांना त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचं नव्हतं. मी राहिले. माझा नवरा गेला, पोरी आपापल्या घरी नांदायला गेल्या, आणि डोलेसनं लग्न केलंच नाही. म्हणून चार दिवस त्याच्या चुलीकडे बघायला गेले, ती तिथंच म्हातारी झाले.

ठसा लोखंडाचा असतो आणि त्यावर सगळं उलटं आणि खोल कोरायचं असतं, म्हणजे कांस्याच्या चकतीवर घाव बसला की सुलटं आणि वर उमटतं. कसं उमटतंय ते बघायला मधूनमधून मेणावर दाबून बघतात. इतर कारागीर मेण जपून वापरतात. आमच्या साहेबांचं मेण नेमकं मी पीठ मळायला बसले की संपायचं. मी पाठ फिरवली की हा येऊन मळलेल्या गोळ्यांवर ठसा दाबून जायचा. भट्टीतून पाव काढावेत तर प्रत्येक पावावर रोमच्या सम्राटाचं तोंड, आणि भाजल्यामुळे गाल फुगलेले. नातवंडं आली की भांडायची. "आजी, मला कानाकडचा तुकडा!" "मला दाढी!" माझा जीव थाऱ्यावर नसायचा. सम्राटाचं नाक चावलं म्हणून कुणी चुगली केली असती तर?

"डोलेस, तुझं डोकं उडेल ते उडेल, माझं कशाला उडवतोस?"

"अक्का," तो पाव उजेडाकडे धरून म्हणायचा, "नाक जरा बोथट आलंय ना?"

माणसांकडे तो नेहमी बाजूनं बघायचा. रस्त्यात कुणी समोरून नमस्कार केला तर ओळखायचाच नाही. म्हणायचा, "जरा तिकडं तोंड करा बघू." मग म्हणायचा, "हां, तुम्ही होय!" आमच्या थोरल्या जावयाला त्यानं लग्नातसुद्धा तीन वेळा मान वळवायला लावली. जावई अजून बोलून दाखवतो.

त्यातून ती वर्षं अशी, की सम्राट फार पटापट बदलायचे. एकाची दाढी कोरून होतेय तोवर दुसरा गादीवर. नव्या सम्राटाचं चित्र रोमहून आमच्यापर्यंत यायला महिने लागायचे, आणि नाणी तर पाडायची असायची. मग सगळीकडे जे करतात तेच करायचं. जुन्याच तोंडाभोवती नवीन नाव घालायचं. लोकांना काही वाटायचं नाही. डोलेसला मात्र घास गिळवायचा नाही. "या माणसाला मी बघितलेलं नाही, अक्का. याला दाढी आहे का नाही तेही मला माहीत नाही. मी खोटं कोरलं." मी म्हणायची, "अरे, तो काय तुझ्याकडे बघायला येणार आहे? मसूर गार होतायत." दोन-दोन दिवस उपाशी. त्याच्या खरेपणाचा ताप सगळा माझ्या डोक्याला.

आता त्या खांबाचं सांगते.

आमच्या नगरदेवीचं देऊळ नवीन बांधलं. देवी मोठी देखणी. डोक्यावर तटबंदीचा मुकुट, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. देवळाला समोर सहा खांब. एकट्यादुकट्याची ऐपत नव्हती म्हणून एकेक खांब एकेकानं दिला आणि ज्यानं दिला त्याच्या नावाची पाटी त्या खांबावर कोरली. डावीकडून पहिला नगरप्रमुख मेनोफिलोसचा. दुसरा स्नानगृहाच्या मालकाचा. चौथा कातडी कमावणाऱ्यांच्या संघाचा. पाचवा आणि सहावा दोन सख्ख्या भावांचे, जे एकमेकांशी बोलत नव्हते आणि म्हणून दोघांनाही शेवटचा खांब नको होता. आणि तिसरा मेल्टिनेचा.

मेल्टिने आमच्या गल्लीत राहायची. चार शेळ्या, चीज करून विकायची. तिचा एकुलता एक पिरुलास घोडदळात भरती झाला, उत्तरेच्या मोठ्या नदीवर पहाऱ्याला गेला. एका हिवाळ्यात नदी गोठली, शत्रू बर्फावरून आले, हे लोक त्यांच्यावर चालून गेले आणि बर्फ फुटला. पिरुलासचं काहीच परत आलं नाही. ना हाडं, ना अंगठी. मेल्टिनेनं नवऱ्याच्या मागं राहिलेला द्राक्षमळा विकला आणि मुलाच्या नावानं खांब दिला. खांबाच्या उभ्या खाचा कोरणारा पाथरवट वरून निम्म्यापर्यंत आला आणि तिच्याकडचं सगळं संपलं. तेव्हा वरचा अर्धा खांब खाचांचा आणि खालचा अर्धा नुसता गुळगुळीत. लोक हळहळायचे. ती म्हणायची, "असू दे. शेळ्यांना अंग घासायला बरं."

देवळाचा पहिला उत्सव आला. उत्सवात खेळ, शर्यती, आणि त्या निमित्तानं गावची नवीन कांस्याची नाणी. नगरसभेनं ठरवलं, पुढं सम्राट आणि मागं आपलं नवं देऊळ. डोलेसनं महिनाभर मान मोडून ठसा कोरला आणि मेणावर उमटवून सभेत नेला. मेण हातोहात फिरलं. मेनोफिलोसनं बघितलं, म्हणाला, "माझा खांब आहे. छान." स्नानगृहवाल्यानं बघितलं, "माझाही आहे." दोघा भावांनी दुसऱ्याचा खांब आपल्यापेक्षा जाड नाही ना, एवढंच बघितलं. झालं, मंजूर. कातडीवाल्यांना सभेत बसायची जागा नव्हती आणि मेल्टिने तर बाईमाणूस.

मीही तो मेणाचा ठसा फळीवर ठेवला होता आणि मलाही काही दिसलं नव्हतं, हे आधीच कबूल करते.

उत्सव सात दिवसांवर आला होता. एका सकाळी मेल्टिने अक्रोडाच्या पानात चीज गुंडाळून घेऊन आली.

"झिये, दाखव की गं. सगळं गाव म्हणतंय देऊळ झकास आलंय."

मी मोठ्या दिमाखात मेण काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते खिडकीशी नेलं आणि नखानं मोजायला लागली. "एक, दोन… ही देवी. तीन, चार." परत पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अगं, मधले दोन कुठायत?"

मी बघितलं. खरंच चारच. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, आणि मध्ये दरवाजाएवढ्या फटीत देवी ऐसपैस उभी.

"डोलेस!" मी ओरडले. "बाहेर ये! मधले दोन खांब काय केलेस?"

तो हातातली कोरणी न ठेवताच आला. "काढले."

"काढले म्हणजे?"

"देवी दिसायला नको का? खरं देऊळ समोरून बघितलं तर देवी खांबांच्या मागं असते. नाण्यावर मधले खांब काढतात आणि तिथं देवी दाखवतात. सगळे असंच करतात. रोममध्येही असंच करतात."

"पण तिसरा माझा आहे," मेल्टिने म्हणाली.

"मधलाच आहे तो," डोलेस म्हणाला. आज वारा कुठून सुटलाय ते सांगावं तसं म्हणाला. माझ्या हातात पळी होती. देवीनंच माझा हात धरला.

मेल्टिने खाली बसली. रडली-बिडली नाही. हळूहळू एकेक सांगायला लागली. उत्सव संपला की दुसऱ्या दिवशी घोडदळाची तुकडी त्याच नदीवर जाणार होती. तिच्या ओळखीचा एक शिपाई त्यात होता. त्याच्याजवळ नवीन नाणं द्यायचं आणि बर्फ फुटला होता त्या जागी पाण्यात टाकायला सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"आपण मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवतो, पलीकडे नेणाऱ्या नावाड्याला. माझ्या पोराच्या तोंडात कुणी काय ठेवलं? चार वर्षं तो काठावर उभा असेल. कुठलंही नाणं टाकलं तर काय, नदीत लोक रोज टाकतात, कुणाचं ते कसं कळणार? म्हणून म्हटलं, त्याचा खांब असलेलं नाणं टाकावं. त्याला कळेल, आईनं पाठवलंय. नावाड्यालाही दाखवता येईल."

"देवी आहे ना त्यावर," डोलेस म्हणाला. "गावची देवी."

"देवी गावात सगळीकडे आहे रे," मेल्टिने म्हणाली. "वेशीवर आहे, विहिरीवर आहे, बाजारातल्या वजनांवर आहे. माझा पोरगा कुठं आहे ते सांग."

डोलेस मेणाकडे बघत उभा राहिला. मेल्टिने चीज तिथंच विसरून घरी गेली.

दुपारी कातडीवाले आले. बातमी कुणी पोचवली देव जाणे. त्यांचा म्होरक्या तोर्कोस, आवाज हंड्यातून आल्यासारखा, आणि मागं आठ-दहा जण. वासानं आधी वर्दी दिली. मी दारं-खिडक्या सताड उघडल्या.

"अख्खं गाव आमच्या चपला घालून फिरतं," तोर्कोस ओरडला, "आणि उपटायचा तर आमचाच खांब उपटला?"

"उपटला नाही. दिसत नाही," डोलेस म्हणाला.

"दिसत नाही म्हणजे काय? मला इथून देवळापर्यंत दिसतोय!"

"दादा, जरा डावीकडे तोंड करता का?" डोलेस म्हणाला. मी कपाळावर हात मारला. तोर्कोसनं खरंच तोंड वळवलं. मोठी माणसंसुद्धा त्याच्यापुढं अशी का वागायची मला कधी कळलं नाही. "हां, तोर्कोसदादा होय. बसा. सहा खांब काढून दाखवतो, मग तुम्हीच सांगा."

त्यानं मेणाच्या गोळीवर तिथल्या तिथं सहा खांब ओढले आणि मध्ये उरलेल्या जागेत टोकानं एक देवी टोचली. तोर्कोसनं मेण डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं.

"ही फणी आहे," तो म्हणाला.

"आणि मधे?" मागचा एक जण वाकून म्हणाला. "फणीत ऊ अडकलीय!"

सगळे हसले, मग देवीला ऊ म्हटलं हे ध्यानात आल्यावर छातीला हात लावून बाहेर पडले. डोलेस माझ्याकडे वळला. "बघितलंस? होत नाही."

मग माझा तोल गेला. जे जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, आयुष्यभर ज्यांना बघितलं नाहीस त्यांच्या दाढ्या कोरल्यास. गल्लीतली बाई एक खांब मागतेय, तोही डोळ्यांसमोर उभा आहे, रोज जाता-येता बघतोस, तो कोरायला तुझे हात मोडले? सम्राटासाठी उपाशी राहतोस, मेल्टिनेसाठी एक वेळ राहून बघ! तो ऐकत होता की नाही, देव जाणे. पायात चपला घालून जेवणाआधीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही घरी नाही. दुपारी मी पाव आणि कांदा फडक्यात बांधून देवळाकडे गेले. बघते तर मेल्टिने आपल्या खांबाला टेकून उभी, चीजची पाटी पायाशी, आणि हा आठ पावलांवर उकिडवा बसलेला.

"हलू नको," तो म्हणत होता.

"अरे, उन्हं डोक्यावर आली. माझं चीज घामेजलं."

"डावा कोपर टेक. नाही, उजवा. थांब, ठशात उलटा येणार… डावाच."

"डोलेस, मला दोनच कोपर आहेत. एक काय ते ठरव."

"माणूस खांबाला टेकतो तेव्हा कंबर अशी जाते," तो मला म्हणाला, जणू मी हेच विचारायला आले होते. "बघ अक्का. दमलेलं माणूसच टेकतं."

"दमलेलं माणूस जेवतंसुद्धा," मी म्हणाले आणि फडकं त्याच्या मांडीवर आपटलं.

दोन दिवसांत त्यानं नवा ठसा कोरला. देऊळच नाही. नुसती देवी, डोक्यावर मुकुट, एका हातात सुकाणू, आणि दुसरा कोपर एका खांबावर टेकवून अशी उभी, की सगळं गाव सांभाळून झालंय आणि आता घटकाभर विसावतेय. तोंड देवीचंच होतं, मेल्टिनेचं नाही, तो असलं काही करणारा माणूस नव्हता. मला आवडलं, पण मी कशाला सांगते?

"फळांचं शिंग कुठं गेलं?" मी विचारलं.

"दोनच हात आहेत अक्का तिला."

पण आता नगरसभेचं काय? देऊळ मंजूर झालं होतं, आणि उत्सवाला चार दिवस उरले होते. डोलेस म्हणाला, जातो आणि सांगतो. मी दारात आडवी झाले. "तू जाऊ नकोस. तोंड उघडलंस की खरं बोलशील. ते विचारतील हा खांब कुणाचा, तू म्हणशील मेल्टिनेचा, आणि गाव पेटेल. तू आजारी आहेस. झोप."

मेण घेऊन मीच मेनोफिलोसच्या घरी गेले. म्हटलं, ठसेवाल्याला ताप आलाय. तो मेण बघत राहिला.

"एकच खांब?"

"हो ना. सहा काही मावेनात. डोलेस म्हणाला, मग गावात जो खरा खांब आहे तेवढाच घेऊ."

मेनोफिलोसनं दाढीवरून हात फिरवला. "असं म्हणाला?"

"मी बाईमाणूस, मला काय कळतंय," मी म्हणाले आणि खाली बघितलं.

तिथून स्नानगृहवाल्याकडे गेले. तेच वाक्य. मग थोरल्या भावाकडे, मग मागच्या गल्लीनं धाकट्याकडे. शेवटी कातडीवाल्यांच्या कुंडांपाशी, वारा पाठीवर घेऊन, तोर्कोसकडे. तो तर गहिवरला. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ जरा तऱ्हेवाईक आहे, पण माणसाची पारख आहे त्याला." पाच वेळा एकच वाक्य बोलून माझी जीभ सुजली. संध्याकाळपर्यंत नवीन ठसा एकमतानं मंजूर. आमच्या सभेत एकमत झालेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून टांकसाळीत घण पडायला लागले. पहिल्या दिवसाच्या नाण्यांतलं एक डोलेसनं आपल्या मजुरीपोटी घेतलं आणि मेल्टिनेला आमच्याच ओट्यावर दिलं. नवं कांस्य, उन्हात पिवळं धमक. तिनं सम्राटाकडे बघितलंच नाही, नाणं उलटवलं आणि खांबावरून नख वरून खाली नेलं. नख खरखर करत निम्म्यापर्यंत आलं, आणि मग आवाज बंद.

"खाली गुळगुळीत आहे," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या हातातून नाणं हिसकावलं. माझ्या डोळ्यांना काही दिसेना, पण नखाला कळलं. वर खाचा. खाली काही नाही.

"डोलेस! हे काय केलंस?"

"खांब तसाच आहे."

"अख्ख्या गावाला माहितेय अर्धा खांब कुणाचा ते!"

"मग बरंच झालं. कळेल."

"अरे, मी पाच जणांना…"

"मी कुठं सांगितलं होतं तुला सांगायला?"

आयुष्यात एकदा मी त्याच्यासाठी व्यवस्थित, नीट घडी घालून खोटं बोलले, आणि ह्यानं त्यावर तारीख-वार कोरल्यासारखं खरं कोरून ठेवलं. खाचा खालपर्यंत ओढायला त्याला किती वेळ लागला असता? एक सकाळ. मी हे त्याला मरेपर्यंत विचारलं. तो म्हणायचा, "मग तो पिरुलासचा नसता झाला, अक्का."

मेल्टिने आमचं भांडण ऐकतच नव्हती. नाणं पदराच्या टोकात बांधून ती म्हणाली, "शिपायाजवळ नाही देत मी. मीच जाते." मी म्हटलं, नऊ दिवसांची वाट आहे, तुझे गुडघे बघ. ती म्हणाली, "तुकडीच्या गाड्या जातातच ना, दाण्याच्या पोत्यांवर बसेन." शेळ्या माझ्या गळ्यात बांधल्या आणि उत्सव पुरता संपायचीही वाट न बघता, रसदीच्या गाड्या एक दिवस आधी निघाल्या त्यांच्याबरोबर गेली. शेळ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी फुटलं. सभेतल्या कुणाला दिसलं नाही, दिसलं ते तोर्कोसच्या अंगठ्याला. दिवसभर कातडं चाचपणारा माणूस तो, कुठं खरखर आणि कुठं मऊ, अंगठ्याला लगेच कळतं. शर्यती बघता-बघता त्यानं नाण्यावरून अंगठा फिरवला, थांबला, परत फिरवला, आणि उठून देवळापुढं जाऊन उभा राहिला. घटकाभरात सगळं गाव तिथं. मेनोफिलोस स्वतः आमच्या दारात आला, उत्सवाचा हार गळ्यात तसाच.

"अर्धवट खांब! माझा खांब खालपर्यंत खाचांचा आहे!"

"तुमचा पहिला," डोलेस म्हणाला. "मी तिसरा कोरला."

"तुमच्या बहिणीनं मला सांगितलं…"

"ती काय काय सांगते," डोलेस म्हणाला.

मेनोफिलोसनं माझ्याकडे बघितलं. भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं. पाठोपाठ स्नानगृहवाला, दोघं भाऊ आणि तोर्कोस, आणि तिथं, आमच्या ओट्यावर, पाचही जणांना कळलं की त्यांना एकच वाक्य मिळालं होतं. मी आत जाऊन भट्टी साफ करायला लागले. स्वच्छ होती, तरी केली.

नाणी परत गोळा करणं तर शक्य नव्हतं, बाजारात पसरली होती. पण डोलेसला पुढं टांकसाळीनं कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षीचे ठसे आमच्या गावच्या नदीच्या खालच्या अंगाच्या गावातल्या एका कारागिराला दिले. त्यानं चार खांबांचं देऊळ काढलं, मध्ये देवी, आणि पहिला खांब पिंपासारखा जाड. मेनोफिलोस खूश. तोर्कोसचा खांब परत गायब. यानंतर डोलेस आणखी अकरा वर्षं जगला. गाठोड्यांवरच्या शिशाच्या मोहरा कोरल्या, अंगठ्या कोरल्या, चीजवर उमटवायचे लाकडी शिक्केसुद्धा कोरले. शिक्क्यांवरच्या शेळ्यांच्या शिंगांवरून तो जितका उपाशी राहिला तितका सम्राटांवरूनही राहिला नव्हता.

मेल्टिने नदीवरून परत आली ती त्या उत्सवानंतर महिन्यानं. चेहरा उन्हानं रापलेला, पाय सुजलेले. वेशीतच तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. शेळ्यांकडेही न बघता ती सरळ आत आली आणि डोलेसपुढं उभी राहिली. तो पाटावर वाकून शिशाची मोहर कोरत होता.

"माझ्यापायी तुझं काम गेलं रे."

"टाकलंस का?" डोलेस म्हणाला.

"टाकलं. त्याच्या बरोबरच्यांनी जागा दाखवली. दोन झुडपं आहेत तिथं. पाणी मोठं आहे, मला वाटलं होतं त्याहून फार मोठं."

"कोणती बाजू वर होती?"

"अरे मेल्या!" मी ओरडले. "बाईला बसू तरी दे! नऊ दिवस पोत्यांवर बसून आलीय! पाणी विचार, काय झालं विचार, आणि हा विचारतो कोणती बाजू…"

"थांब झिये," मेल्टिने म्हणाली. ती खाली बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून आठवायला लागली, अगदी त्याच्यासारखीच, जणू तेच महत्त्वाचं होतं. "मी वर उडवून टाकलं. नुसतं सोडवेना हातातून. एकदा सम्राट दिसला, एकदा खांब, परत सम्राट. फिरत होतं ना. पाण्याला लागलं तेव्हा खांब होता."

"नक्की?"

"खांब होता, डोलेस."

त्यानं मान हलवली आणि परत मोहरेवर वाकला. मी मेल्टिनेला पाण्याचा तांब्या दिला. तिनं सगळा एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.